कुर्ल्याच्या बाजारात पद्मिनीचा साजशृंगार

मुंबईच्या कुर्ला उपनगरात लालबहादूर शास्त्री मार्गावरून कलिन्याच्या दिशेने एक रस्ता निघतो. पत्त्यात त्याचे नाव 'सी. एस. टी. रोड' असे लिहितात. नवख्या माणसाला वाटते, की या नावाचा संबंध बोरीबंदरच्या स्थानकाशी असणार. पण तसे नाही. १९२८ ते १९३४ अशी जेमतेम सहा वर्षे तुर्भ्यापासून अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे धावत होती. तिला 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' म्हणत. रूळ उखडले गेले, गाडी लोकांच्या विस्मरणात गेली, पण तिची आद्याक्षरे मात्र रस्त्याला चिकटून राहिली.

आज या रस्त्यावर मोटारींचे राज्य आहे. दिल्लीकरांना जसा कश्मीरी गेट किंवा करोल बाग, कोलकातावासीयांना मल्लिक बाजार, चेन्नईकरांना पुदुपेट, तसा मुंबईकर मोटारवाल्यांना हा रस्ता. दुतर्फा दुकाने. काही चांगली काचेची, वातानुकूलित, बरीचशी दहा फुटी गाळ्यातली. दुकानासमोर पदपथावरच गाडी उभी असते आणि तिच्या पोटात कुणीतरी डोके खुपसून बसलेले असते. हवेत फेव्हिकॉलसारखा चिकट वास, नव्या रेक्झिनचा वास आणि कुठूनतरी येणाऱ्या बिर्याणीचा वास एकात एक मिसळलेले. मधूनच एखादा नवा हॉर्न तपासला जातो आणि शेजारून जाणाऱ्या आजीबाई दचकून बाजूला होतात.

या रस्त्याला मिठी नदी आडवी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हा सगळा परिसर पाण्याखाली गेला होता. त्या पाण्यात बुडून निघालेल्या किती गाड्या पुढे रंगरंगोटी होऊन कुणाकुणाच्या दारात गेल्या असतील, हे त्या गाड्यांनाच ठाऊक! जुनी गाडी घेताना गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा, हे शहाणपण मुंबईकरांना त्या पावसाने शिकवले.

आणखी एक योगायोग या भागाशी जोडलेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच कुर्ल्यात होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून येथे 'फियाट ११०० डिलाइट' तयार होऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे गोल दिवे, क्रोमचा बंपर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला गिअर. शतक बदलता बदलता तिचे उत्पादन थांबले. काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने आणखी दोन दशके मुंबईची सेवा केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सीच्या रूपातही निरोप घेतला. थोडक्यात काय, गाडीचे माहेर कुर्ल्यात आणि म्हातारपणी नटण्यामुरडण्याचे ठिकाणही कुर्ल्यातच.

दर्शनी भागात काय टांगले आहे?

या बाजारात तासभर हिंडले, की एक गोष्ट लक्षात येते. जे चमकते, ते दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले असते. मॅग व्हील, क्रोमच्या पट्ट्या, निळे-पांढरे दिवे, छोटे स्पोर्ट्स स्टिअरिंग, मखमली सीट कव्हर, बंपरवर बसवायच्या जाड नळ्या. ब्रेकचे व्हील सिलिंडर, रबरी होजपाइप, टाय रॉड एंड या वस्तू मात्र आत, अंधाऱ्या फळीवर, धूळ बसलेल्या खोक्यांत. त्या मागितल्याशिवाय कुणी काढून दाखवत नाही. दुकानदाराला तरी दोष कसा द्यावा? नवा होजपाइप बसवलेली गाडी पाहून शेजारी कधी 'वा!' म्हणत नाहीत.

खरा पेच येथेच आहे. जुनी गाडी हाती आली, की खर्चाची रक्कम बहुधा ठरलेली असते. ती रंगावर घालायची, की ब्रेकवर? आणि प्रश्न एवढाच असता, तरी सोपा होता. सजावटीतल्या काही वस्तू नुसतेच पैसे खात नाहीत, गाडीत मुळात जी सुरक्षितता आहे, तीही कमी करतात.

बंपरवरच्या त्या जाड नळ्यांचेच पाहा. लोक त्याला 'गार्ड' म्हणतात आणि नावावरूनच त्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात तो गार्ड चासीला घट्ट बोल्ट केलेला असतो. धडक बसली, की तिचा जोर कुठेही न जिरता थेट सांगाड्यात आणि तेथून माणसांपर्यंत पोचतो. नव्या गाड्यांत तर पुढचा पत्रा चेपला जावा, अशीच रचना केलेली असते आणि एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारे संवेदक तेथेच असतात. गार्डमुळे त्यांचा हिशेब चुकू शकतो. रस्त्यावरच्या पादचाऱ्याला तो लोखंडी दांडा कसा लागतो, हे सांगायला नकोच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांवर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा त्याला आधार आहे. तरीही रस्त्यांवर असे गार्ड बसवलेल्या गाड्या दिसतात.

काळ्या फिल्मचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये गाडीच्या काचांवर वरून फिल्म चिकटवण्यास मनाई केली. काचेतून आरपार दिसण्याचे प्रमाण पुढच्या व मागच्या काचेत ७० टक्के आणि बाजूच्या काचांत ५० टक्के असलेच पाहिजे, हा नियम तर त्याआधीपासून आहे. 'उन्हाचा त्रास होतो' ही तक्रार खोटी नाही. पण श्रावणातल्या संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, काळ्या काचेतून डाव्या बाजूचा सायकलवाला दिसत नाही, हेही तितकेच खरे.

मोठ्या मॅग व्हीलचा मोह तरुणांना फार. मूळ चाकापेक्षा व्यास वाढला, की वेगदर्शक काटा खरा वेग दाखवत नाही, उलट कमी दाखवतो. चाक बाहेर आले, की बेअरिंगवर भार येतो. पाच माणसे बसली आणि गाडी खड्ड्यात गेली, की टायर मडगार्डला घासतो. आणि एक बारीकशी गोष्ट, जी दुकानात फारसे कुणी सांगत नाही: मॅग व्हीलच्या नटांची बैठक लोखंडी चाकाच्या नटांसारखी असेलच असे नाही. जुनेच नट आवळले, तर ते वरून घट्ट वाटतात, पण नीट बसत नाहीत. छोट्या स्पोर्ट्स स्टिअरिंगचेही ऐकून ठेवा. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. चाक जेवढे लहान, तेवढा हाताला जोर जास्त. घाटातल्या वळणावर तो कुठून आणायचा?

दिव्यांबद्दल मात्र थोडे वेगळे बोलायला हवे, कारण जुन्या गाड्यांचे दिवे खरोखरच मंद असतात आणि ते सुधारावेसे वाटणे हा काही हौसेचा भाग नाही. परंतु हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या वाटीत भलताच पांढराशुभ्र बल्ब घातला, की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चौफेर उधळतो. चालकाला वाटते, छान दिसते आहे. समोरून येणारा आंधळा होतो आणि तो आपल्याच अंगावर येत असतो! त्यापेक्षा वाटीला गंज चढला असेल तर ती बदलावी, काच स्वच्छ करावी, दिव्यांना रिले बसवून चांगल्या जाडीची तार टाकावी. तीस वर्षांच्या वायरिंगमधून बल्बपर्यंत पुरती वीज पोचतच नसते. एवढ्याने पडणारा फरक पाहून आश्चर्य वाटते. शिवाय जुन्या तारांवर नव्या दिव्यांचा आणि हॉर्नचा बोजा फ्यूजशिवाय टाकणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय.

डॅशबोर्डवरच्या बाप्पाविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते. बाप्पा हवेतच. फक्त मूर्ती लहान, हलकी आणि पक्की बसवलेली असावी. साठच्या वेगात गाडी अचानक थांबली, की सुटी पितळी मूर्तीही त्याच वेगाने पुढे निघते.

आत्याची गाडी

हे सारे जवळून पाहण्याचे निमित्त घडले ते माझ्या आतेभावामुळे. डोंबिवलीला त्याच्या बिल्डिंगखाली १९९३ सालची पद्मिनी उभी असते. काकांनी ती नवीकोरी घेतली होती, हस्तिदंती रंगाची. काका गेले, त्यानंतर तिचे फिरणे जवळजवळ थांबले. यंदा दादाने ठरवले, की गणपतीला संगमेश्वरला त्याच गाडीने जायचे. गाडीत कोण? तो स्वतः, वहिनी, दोन मुले आणि आत्या. खर्चाला बाजूला काढलेले साठ हजार रुपये.

आत्याची इच्छा एकच होती. 'यांनी आणली तेव्हा दिसत होती, तशी दिसू दे.' म्हणजे पूर्ण रंगकाम, क्रोमचे बंपर पुन्हा चमकावणे, सीटवर नवे रेक्झिन. दादाच्या मोठ्या मुलाला मॅग व्हील हवी होती. वहिनींनी मात्र एकच प्रश्न विचारला, 'हिला पट्टे कुठे आहेत?'

पट्टे नव्हतेच. पुढच्या सीटसाठी पट्टे बसवून देणे मोटार कंपन्यांवर बंधनकारक झाले ते मार्च १९९४ पासून, मागच्या सीटसाठी त्यानंतर आठ वर्षांनी, २००२ मध्ये. १९९३ ची गाडी दोन्ही नियमांच्या आधीची. कायद्याने ती दोषी नाही, पण कशेडीच्या वळणावर कायद्याचे कलम माणसाला धरून ठेवत नाही. तीन ठिकाणी बांधलेला पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली तयार केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असे आजही आपल्याकडे विचारले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यांची गाडी तर महागडी आणि आधुनिक होती.

पट्टा विकत घेणे सोपे असते, अवघड असते तो बसवणे. पत्र्याला भोक पाडून नट-बोल्टने आवळलेला पट्टा ओढून पाहिला तर पक्का वाटतो. धडकेच्या क्षणी मात्र माणसाचे वजन कितीतरी पटींनी वाढल्यासारखा ताण येतो आणि पातळ पत्रा कागदासारखा फाटतो. म्हणून बोल्टच्या मागे जाड पोलादी पट्टी द्यावी लागते आणि बोल्टही पट्ट्यासाठीचाच, सात-सोळांश इंची, घ्यावा लागतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चालत नाही.

या कामासाठी मिस्त्रीने मागची सीट काढली, गालिचा उचलला आणि सगळेच गप्प झाले. फ्लोअरचा पत्रा दोन ठिकाणी कुजून चाळणी झाला होता. मुंबईची खारी हवा आणि तीसहून अधिक पावसाळे यांचा तो हिशेब होता. वरून गाडी बरी दिसत होती, कारण मध्यंतरी कधीतरी दारांखालच्या पट्टीत लांबी भरून वर रंग मारलेला होता. डेंटिंगवाले ज्याला लांबी म्हणतात, ती भरली की खड्डा सपाट होतो, ताकद मात्र येत नाही. त्यावर कितीही सुंदर हस्तिदंती रंग चढवला असता, तरी आतला गंज आपले काम करतच राहिला असता.

त्या दिवशी साठ हजारांची वाटणी बदलली. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला गेला. चारही चाकांचे ब्रेक उघडले. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ते ठीक असले तर गाडी सरळ थांबते, पण एका चाकाचा सिलिंडर गळत असला तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. लायनर, सिलिंडर, रबरी होजपाइप नवे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. येथे कधी बदलले होते, ते कुणालाच आठवत नव्हते.

टायरांची गंमत सांगते. खाचा अगदी नव्यासारख्या, मुलाच्या मते तर टायर 'झकास'. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३११२ म्हणजे २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. गाडी उभीच असल्यामुळे खाचा झिजल्या नव्हत्या, पण रबर कडक होऊन बारीक तडे गेले होते. चारही टायर बदलले, पाचवा स्टेपनीचाही. मॅग व्हीलचा विषय आपोआप मागे पडला. मुलगा दोन दिवस फुगून होता.

शेवटी पट्टे बसले, पुढे दोन आणि मागे तीन. हाती उरलेल्या पैशांत रंगकाम होण्यासारखे नव्हते. डाव्या दारावरचा पोचा तसाच राहिला. मिस्त्रीने गंजरोधक लावून तेवढाच भाग झाकला, त्यामुळे हस्तिदंतीवर राखाडी ठिगळ दिसू लागले. ते पाहून आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'माझ्या बाजूचा पट्टा मला लावता येईल ना? हात वर जात नाही.' दादाने तो लावून दाखवला, सोडवून दाखवला. तिसऱ्या खेपेला तिने स्वतः लावला.

वहिनींनी मागच्या खिडकीतून पाहत विचारले, 'रंगाचं काय?' दिवाळीनंतर, असे ठरले आहे. बंपरची क्रोमही तेव्हाच.

जे विकत मिळत नाही

एवढे सगळे करूनही पद्मिनी ही पद्मिनीच राहते, हे लक्षात ठेवलेले बरे. तिचा मूळ आराखडा १९५० च्या दशकातल्या इटलीतला. धडकेत पुढचा भाग चेपला जावा आणि माणसे बसतात तो भाग शाबूत राहावा, ही कल्पना मर्सिडीजने १९५९ मध्ये प्रत्यक्ष गाडीत आणली. पद्मिनीला ती ठाऊक नाही. तिच्या सीटला डोके टेकायला उशी नाही, मागून धक्का बसला तर मानेला झटका बसतो. एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. भंगारात निघालेल्या नव्या गाडीचे, एअरबॅगची खूण असलेले स्टिअरिंग बसवले म्हणजे एअरबॅग बसत नाही. संवेदक, वायरिंग आणि त्या विशिष्ट गाडीवर केलेल्या चाचण्या हे सगळे मिळून एअरबॅग होते. म्हणून दादाने स्वतःवरच काही बंधने घालून घेतली आहेत. साठच्या वर वेग नाही, रात्रीचा घाट नाही, टपावर सामान नाही.

रूप आणि सुरक्षितता नेहमी भांडतातच असेही नाही. उजळ रंगाची गाडी पावसात लांबून दिसते. दोन्ही बाजूंना गोल क्रोमचे आरसे शोभतातही आणि उपयोगीही पडतात. जुन्या कित्येक गाड्यांना डावा आरसा नसतोच. मूळ रूप जपण्याला आता सरकारदरबारीही मान आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. १९७० च्या आसपासची फियाट ज्यांच्या दारात आहे, त्यांनी तिला मॅग व्हील आणि गार्डांनी सजवण्यापूर्वी हे वाचून ठेवावे. बाकीच्यांसाठी कायदा स्पष्ट आहे. कंपनीने ठरवलेली मूळ वैशिष्ट्ये बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. रंग बदलता येतो, पण तशी नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर भरपाईच्या वेळी तेच कारण पुढे येऊ शकते.

या बाजारात जायचे असेल, तर कुर्ला पश्चिमेहून रिक्षा मिळते, पायीही जाता येते. गाडी घेऊन जाणार असाल तर सकाळी लवकर जावे, दुपारनंतर उभी करायला जागा मिळत नाही. शुक्रवारी दुपारी काही दुकाने नमाजासाठी थोडा वेळ बंद असतात. हवे असलेल्या वस्तूंची यादी घरूनच लिहून न्यावी आणि जुना भाग पिशवीत सोबत ठेवावा, म्हणजे आकाराचा घोळ होत नाही. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा माल सेकंडहँड घेऊ नये, सीलबंद खोक्यातलाच घ्यावा आणि पक्के बिल मागावे. टायर घेताना ते चार आकडे आपल्या डोळ्यांनी वाचावेत. चष्मा विसरू नका, अक्षरे बारीक असतात.